टिक्याचं पुढचं पान

परवा शाळेला गोष्टीच्या पुस्तकांचा गठ्ठा आला. चकचकीत, जाड पानांची, रंगीत पुस्तकं. त्यात एक कुत्र्याचं होतं. मालकाबरोबर बाजारात गेलेला कुत्रा गर्दीत मागे राहतो, गावभर मालकाचा माग हुंगत फिरतो, पावसात भिजतो आणि शेवटच्या पानावर मालकाच्या छातीवर पुढचे दोन पाय ठेवून उभा राहतो. चित्रं इतकी सुंदर, की माझ्यासारख्या रुक्ष माणसानंही ते पुन्हा चाळलं. मुलांनी मात्र घोळका करून ते एका दमात संपवलं आणि लगेच दुसरं उचललं. तिसरीतला सोमा तेवढा ते मिटून मांडीवर घेऊन बसला होता. सोमा द्राक्षबागेत कामाला येणाऱ्या टोळीतला. दिवाळीनंतर पेठच्या डोंगरातून आईबापांबरोबर येतो, शिमग्याला परत जातो.

"काय रे, आवडलं नाही?"

"आवडलं. पण हा लय लवकर भेटला, सर." मग थोडा विचार करून म्हणाला, "आपला टिक्या एवढ्या लवकर नाय भेटला."

आपला टिक्या म्हणजे आहेर बाईंचा टिक्या. बाई निवृत्त झाल्या तेव्हा हा सोमा पहिलीत होता, नाकाला शेंबूड आणि हातात कायम बोराची पिशवी. त्याच्या लक्षात टिक्या आहे. मला उगीचच भरून आलं आणि मी त्याला फळा पुसायला लावलं.

आहेर बाई आणि मी, अशी आमची दोन शिक्षकांची शाळा होती. दिंडोरी रस्ता सोडून आत, चारी बाजूंना द्राक्षबागा, पहिली ते पाचवी. सेवेनं बाई मोठ्या, म्हणजे मुख्याध्यापकाचा पदभार त्यांच्याकडे हवा. पण "मला ते कागद जमत नाहीत, सर, तुम्ही तरुण आहात," असं म्हणून त्यांनी तो माझ्या गळ्यात टाकला. वर्षानुवर्षं मी खिचडीच्या तांदळाची आणि शौचालयाच्या दरवाज्यांची ऑनलाइन माहिती भरत बसलो आणि बाई शेजारच्या खोलीत पोरांच्या मधोमध मांडी घालून गोष्टी सांगत बसल्या. मला त्यांचा कधीकधी भयंकर राग यायचा. तो फार टिकायचा नाही.

बाई बुटक्या, अंगानं भरलेल्या. सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, कपाळाला मरून टिकली आणि खांद्याला तांदळाच्या रिकाम्या गोणीची शिवून घेतलेली पिशवी. त्या पिशवीत काय नसायचं ते विचारा. कात्री, खळ, सुतळी, तुटके खडू, कुणाच्या तरी पोराचा स्वेटर आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. मी नाशकातल्या सिडकोतून निघायचो, बाई दिंडोरी नाक्यावर उभ्या असायच्या. गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि म्हसरूळ येईपर्यंत एक शब्द बोलायच्या नाहीत. म्हसरूळ मागे पडलं, बागा सुरू झाल्या की तोंड उघडायच्या. "छाटण्या लागल्या, सर." म्हणजे आता टोळ्या येणार. लोक बाग बघून मालाचा अंदाज करतात, बाई पटाचा करायच्या.

त्यांचा एक शब्द होता, "मग?" पोरगं येऊन सांगायचं, "बाई, आमच्या कोंबडीनं अंडं दिलं." बाई हातातलं काम टाकून म्हणायच्या, "मग?" आता अंडं दिल्यावर पुढे काय असतं? पण त्या विचारण्यात अशी काही भूक असायची, की पोरगं कोंबडीला चालवायचं, उडवायचं, विहिरीत पाडायचं आणि घाम गाळत बाहेर काढायचं. मीही फसलोय. घरातली कुरबुर मी कुणाला सांगत नाही, पण गाडीवर मागून "मग?" आलं की शाळा येईपर्यंत सासूबाईंसकट सगळं बाहेर पडायचं.

स्वतःबद्दल मात्र त्या असल्या प्रश्नाला जागाच ठेवायच्या नाहीत. माहेर सटाण्याकडचं. फार चिडल्या की त्यांच्या तोंडून अहिराणीतलं "हाई काय शे?" निघायचं आणि अख्खी शाळा गप्प व्हायची. आईवडील गेलेले, भाऊ गेलेला, सटाण्याला एक भाचा. लग्न केलं नव्हतं. एकदा धीर करून मी विचारलंच.

"राहून गेलं, सर," त्या म्हणाल्या. दळण आणायचं राहून जातं ना, अगदी त्या सुरात. त्यावर मला "मग?" म्हणता आलं नाही.

एकदा त्या तापानं पडल्या तेव्हा मी घरी गेलो होतो. पंचवटीत, पेठ नाक्याच्या अलीकडच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. अंगात ताप असताना उठून चहा केला. मला कपात दिला, स्वतः वाटीत घेतला. माझं लक्ष गेलेलं बघून म्हणाल्या, "दुसरा कप होता हो. फुटला. मग आणायचा राहून गेला." घरात खुर्ची एकच, तिच्यावर मी. त्या पलंगाच्या कडेला बसून शाळेतल्या एकेका पोराचं नाव घेऊन चौकशी करत होत्या. खिडकीतून नाक्यावरचे हॉर्न, कंडक्टरांच्या आरोळ्या, भाजीवाल्यांचा गलका असा सगळा आवाज खोलीत येत होता. एवढ्या गोंगाटात इतकं एकटं राहणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. जिना उतरल्यावर मला काही कारण नसताना बायकोला फोन करावासा वाटला.

गावात लग्न निघालं की बाई त्या घरी जायच्या. लग्नाला नाही, लग्न झाल्यावर. "उरलेल्या पत्रिका टाकू नका, शाळेला द्या." जाड कागद, मागची बाजू कोरी. आमच्याकडचे शिक्षक शैक्षणिक साहित्य म्हणून कशाकशाचं काय काय करतात. बाईंचं सगळं साहित्य लग्नपत्रिकांचं. पाढे, जोडाक्षरं, प्राणी, पक्षी. पुढे हत्तीचं चित्र आणि मागे चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक यांचा शुभविवाह. गाव हसायचं, पण पत्रिका आठवणीनं ठेवायचं. एखाद्या बापानं तर छापखान्यात सांगितलं होतं म्हणे, पन्नास जास्त काढा, बाईंना लागतात. टिक्याचं पुस्तक असंच पत्रिकांवर झालं. बागेत वेली बांधायला वापरतात त्या सुतळीनं ओवलेलं.

त्याचं असं झालं. यमुना नावाची मुलगी दुसरीत आमच्याकडे आली. पेठच्याही पलीकडच्या पाड्यावरची, टोळीबरोबर आलेली. टोळीची मुलं आल्या आल्या दोन दिवस बुजतात आणि मग गावच्या पोरांच्या डोक्यावर बसतात. ही बोलेचना. वर्गाच्या दाराशी बसायची आणि रस्त्याकडे बघत राहायची. खिचडी पुढ्यात तशीच. मी म्हटलं, ऐकायला येत नसेल. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी माझ्या खोलीत गेलो. एका दुपारी बाई तिच्याशेजारी दारातच जाऊन बसल्या. तिच्यासारख्याच रस्त्याकडे बघत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी ती पोरगी आपणहून बोलली.

"टिक्या मांगं धावला."

"मग?"

"जीप नाय थांबली."

"मग?"

"मग घाट आला."

"मग?"

यमुनाला पुढचं माहीत नव्हतं. तिनं बाईंकडे बघितलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. बाईंचं "मग?" तिथे पहिल्यांदा अडलं.

दुसऱ्या दिवशी गाडीवर बसल्यापासून त्यांनी पिशवी छातीशी धरली होती. वर्गात गेल्या गेल्या एक पत्रिका काढून सगळ्यांसमोर धरली. घाट, वळण, दूर जाणारी जीप आणि वळणावरच्या दगडावर बसलेला टिक्या, रस्त्याकडे तोंड करून. म्हणजे तो टिक्या आहे हे त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. बाईंना चित्रकला अजिबात येत नव्हती, हे इथे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पोरांनी मान वाकडी करून पाहिलं आणि टोळीतलाच एक जण म्हणाला, "बाई, ही त शेळी आहा."

सगळा वर्ग खिदळला. यमुनासुद्धा. तिचं हसू आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिलं. मग ती उठली, चित्राजवळ गेली आणि कुत्र्याच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाली, "हितं त्याला टिका हाय. म्हणून टिक्या." बाईंनी पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक मरून टिकली तिथे चिकटवली. खऱ्या टिक्याचा टिका पांढरा होता असं नंतर कळलं, पण तोवर उशीर झाला होता. त्यानंतर कुत्रा बकरीसारखा दिसो की डुकरासारखा, कपाळी मरून टिकली असली की तो टिक्या, हे सगळ्यांनी मान्य केलं.

शिमग्याला यमुना घरी गेली. टिक्या पाड्यावर परतलेलाच नव्हता. आजी म्हणाली, बिबट्यानं नेला असेल. यमुनानं ते ऐकून घेतलं, पण मानलं नाही. पुढच्या दिवाळीनंतर टोळीची जीप शेतात पोचली, आईनं बोचकी उतरवायला घेतली आणि ही पोरगी तशीच धूळभरल्या पायांनी शाळेत. "बाई, टिक्या कुठं पोचला?"

बाईंनी तयारी केलेली नव्हती. पण त्या म्हणाल्या, "घाट उतरला. मग?" आणि सगळी पोरं सांगायला लागली.

तेव्हापासून ती रीतच पडली. शनिवारी शेवटच्या तासाला पाचही इयत्ता ओट्यावर बसायच्या, बाई पुस्तक पहिल्या पानापासून वाचायच्या आणि पुढे टिक्या काय करील यावर भांडणं व्हायची. पान मात्र टोळ्या असेपर्यंत महिन्याला एकच. वर्षाचं शेवटचं पान शिमग्याच्या आधी, टोळ्या परत निघायच्या वेळी निघायचं. एका पानावर टिक्या पेठच्या हॉटेलात भज्यांच्या कढईखाली झोपला. एका पानावर नाशकात येऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, कावळ्यांशी पिंडावरून भांडला. एका पानावर चुकून लासलगावच्या कांद्याच्या ट्रकमध्ये चढला आणि पार उलट्या दिशेला गेला. तेव्हा पोरं बाईंवर फार चिडली होती. शेवटचं पान दाखवून झालं की बाई सुतळीची गाठ मारायच्या आणि म्हणायच्या, "पुढचं दिवाळीनंतर." पोरं जीपमध्ये बसेपर्यंत तर्क करत असायची.

मी एकदा ते पुस्तक तालुक्याच्या साहित्य प्रदर्शनात नेलं. म्हणजे बाईंना नेलं, पुस्तक त्यांनी हातातून सोडलंच नाही. पाहणी करणारे साहेब भले होते. त्यांनी सगळी पानं उलटली, टिकल्यांना हात लावून पाहिला, मागच्या बाजूचे दोन शुभविवाहही वाचले. मग म्हणाले, "बाई, शेवट कुठंय?"

"व्हायचाय, साहेब."

"म्हणजे अपूर्ण आहे. पुढच्या वर्षी पूर्ण करून आणा, नंबर नक्की."

"पुढच्या वर्षी पण अपूर्णच असेल, साहेब," बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या. नंबर गेला. सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. ते चांगलं जाड होतं आणि मागून कोरं, त्यामुळे टिक्याचं पुढचं पान त्याच्यावर निघालं.

परत येताना गाडीवर मी वैतागून म्हणालो, "अहो, भेटवून टाका ना एकदाचं. किती ताणायचं? पोरांनाही बरं वाटेल."

बाईंनी मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाल्या, "जिजा आठवते तुम्हाला? तिसरीपर्यंत आली. हुशार होती. मग बागेत दिसायला लागली, विरळणीला. मला बघितलं की घडांच्या आड व्हायची. मणी काढायला बारीक बोटं बरी पडतात ना. बारीक बोटं म्हणजे आमच्याच वर्गातली. त्या पोरी जीपमधून उतरतात तेव्हा शाळेत यायला त्यांना काय कारण असतं, सांगा? आई म्हणते लहानग्याला सांभाळ, मुकादम म्हणतो हात चालव. आणि शाळा तर बोलवायलाही जात नाही. गोष्ट अर्धी असली, तर उरलेली मागायला तरी येतात."

मी मुख्याध्यापक होतो. पट टिकवण्याचे उपाय या विषयावरची प्रशिक्षणं मी केली होती. त्यात हे कुठे नव्हतं.

यमुना दरवर्षी आली. दुसरीची तिसरीत, तिसरीची चौथीत. चौथीत ती माझ्या वर्गात होती, भागाकार झरझर करायची आणि गावच्या पोरांना उत्तरं दाखवायची नाही. बाई तिच्यासाठी पाचवीनंतरचंही बघून ठेवत होत्या, पेठच्या वसतिगृहात कुणाला तरी भेटून आल्या होत्या. "एवढी पाचवी इथे झाली पाहिजे, सर. मग ती सुटली." हे मी किती वेळा ऐकलं असेल.

चौथीच्या वर्षी शिमग्याच्या आधी टोळीची जीप थेट शाळेच्या फाटकाशी येऊन थांबली. मुकादमाला घाई होती. बाईंचं त्या वर्षीचं शेवटचं पान तयार होतं, टिक्या दिंडोरी रस्त्याला लागलेला. त्यांनी ते दाखवलं, गाठ मारली, "पुढचं दिवाळीनंतर" म्हणाल्या. सगळी पोरं पळाली. यमुना थांबली.

"बाई, आता भेटू द्या ना त्याला."

"दिवाळीनंतर भेटेल हं."

"मला लय आठवण येती. रातची पण येती." ती रडत नव्हती, हट्टही करत नव्हती. नुसतं सांगत होती. "एकदाच भेटू द्या. मग काय नाय मागणार."

बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कशाला अडवतोय? मीच तर कधीपासून मागे लागलो होतो. त्या ओट्यावर बसल्या, पत्रिका मांडीवर घेतली आणि भराभर काढत सुटल्या. वेण्या घातलेली मुलगी, तिच्या अंगावर उडी घेतलेला कुत्रा. टिकल्यांचं पाकीट रिकामं निघालं, तेव्हा स्वतःच्या कपाळाची काढून चिकटवली. पोरं जीपमधून उतरून परत धावत आली, टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या. यमुनानं त्या पानावर तळवा ठेवला, कुत्र्यावरून फिरवला आणि जीपकडे गेली. बाई कोऱ्या कपाळानं फाटकात उभ्या होत्या. खूश होत्या. परत येताना म्हसरूळ गेलं, नाका आला, तरी बोलत होत्या.

पुढच्या दिवाळीनंतर टोळ्या आल्या. यमुना आली नाही.

म्हणजे बागेत आली होती, शाळेत आली नाही. तिच्या टोळीतली बाकीची पोरं येऊन बसली. बाईंनी विचारलं तर एक जण सहज म्हणाला, "ती कामाला जाते. तिची गोष्ट संपली ना." पोरगं वाईट बोललं नव्हतं. जे होतं ते बोललं. पण बाई त्या दिवशी शनिवार असूनही पुस्तक काढू शकल्या नाहीत.

मग त्यांनी नवं पान केलं. मला दाखवलं. पुन्हा दिवाळी झाली, पुन्हा जीप आली, मुलगी जीपमध्ये आणि टिक्या परत त्याच वळणावरच्या दगडावर. "म्हणजे पुढे चालू राहील," त्या म्हणाल्या. शाळा सुटल्यावर आम्ही त्या बागेत गेलो. यमुना घडाखाली हात वर करून उभी होती, हातात छोटी कात्री. उंच झाली होती. बाईंना बघून ती जिजासारखी आड झाली नाही. तिनं कात्री खिशात ठेवली, हात फ्रॉकला पुसले आणि पान घेतलं. बराच वेळ बघत राहिली.

"परत सोडला त्याला?"

बाई काहीतरी सांगायला गेल्या.

"मी नव्हता सोडला, बाई. जीप थांबली नव्हती." तिचा आवाज चढला. "तुमी का सोडला? भेटला होता ना!"

तिनं पान बाईंच्या हातात परत दिलं, वळली आणि पुन्हा हात वर केले. मणी खाली पडत राहिले. तिची आई दुसऱ्या ओळीतून म्हणाली, "धाडते बाई उद्या." दोघींनाही माहीत होतं की उद्या काही येत नाही. बाई रोज शाळा सुटल्यावर बागेच्या बांधापर्यंत जायच्या, मी गाडी लावून रस्त्यावर उभा राहायचो. यमुना मान वर करायची नाही. परतीच्या वाटेवर बाई एवढंच म्हणायच्या, "घाई केली मी. मग घाईत परत चुकले." त्या वर्षी ती टोळी लवकर परत गेली आणि मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या.

निरोपाला शाल, नारळ, गावजेवण सगळं झालं. सरपंच म्हणाले, "बाई, ते टिक्याचं पुस्तक शाळेला राहू द्या, आठवण म्हणून." बाईंनी पिशवी जवळ ओढली. "आत्ता नको, दादा. अजून व्हायचंय ते."

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. आता त्या नाशकात नसतात, भाच्यानं सटाण्याला नेलं. तिथून फोन येतो. "टोळ्या आल्या का, सर?" मी म्हणतो, आल्या. पलीकडून येतं, "मग?" आणि मला सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून मी खिचडीचं सांगतो.

मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली होती. सकाळी थंडी मी म्हणत होती. मला पंचवटीत काम होतं म्हणून पेठ नाक्यावरून निघालो. त्या दिवसांत नाका मजुरांनी भरलेला असतो. पेठकडून जीप येतात, बागायतदार टोळ्यांशी बोलणी करतात, मग त्याच जीप पुढे दिंडोरीकडे, पिंपळगावकडे जातात. बोचकी, डबे, कोंबड्या, पेंगुळलेली पोरं. रस्त्याकडेच्या कठड्यावर आहेर बाई बसलेल्या. तेच कॅनव्हासचे बूट, मांडीवर पुस्तक, तोंड पेठच्या रस्त्याकडे.

मी गाडी थांबवली. "बाई? इथं काय करताय?"

"बघतेय, येते का ती." मी भेटल्याचं त्यांना नवल वाटलं नाही. "घर जवळच आहे ना माझं. सकाळचं येऊन बसते. सर, हे बघा."

त्यांनी पुस्तक उघडलं. बागेत नेलेलं ते दगडावरच्या टिक्याचं पान काढून टाकलेलं होतं. त्या जागी नवं होतं. तीच जीप, तोच घाट. मुलगी जीपमध्ये बसलेली आणि तिच्या मांडीवर, बाहेर तोंड काढून, कान उडवत, टिकली लावलेला टिक्या.

"त्यालाही आत घेतलं," बाई म्हणाल्या. "भेटल्यावरही गोष्ट असते की हो. टिक्या बागेत येईल, शाळेत येईल, तुमची खिचडी खाईल, कितीतरी पानं होतील. ताटातूट कशाला पाहिजे होती? मला तेव्हा सुचलंच नाही. एवढं साधं, आणि राहून गेलं." त्यांनी पान हातानं नीट केलं. "तिला हे दाखवायचंय. बाकी काही नाही."

मी म्हटलं, चला, घरी सोडतो, थंडी आहे. त्या नको म्हणाल्या. तेवढ्यात एक जीप गर्दीतून वाट काढत निघाली, आत आणि टपावर माणसंच माणसं. मागच्या फळीवरून कुणीतरी पोर ओरडलं, "ओ टिक्याच्या बाई! टिक्याच्या बाई!"

बाई ताडकन उठल्या. पुस्तक वर धरलं आणि धावल्या. त्या वयात, त्या अंगानं, साडी हातात धरून, जीपच्या मागे. "यमुना आहे का रे? थांबा! यमुना आहे का तुमच्यात?" पोर हात हलवत होतं. त्याला ऐकू गेलं नाही. ड्रायव्हरला तर नाहीच नाही. जीप दिंडोरी नाक्याच्या दिशेला वळली आणि दिसेनाशी झाली. बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. एका रिक्षावाल्यानं शिवी दिली, मी जाऊन त्यांना हाताला धरून कडेला आणलं. त्यांना धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता.

"ओळखलं, सर. पोरांनी ओळखलं मला."

"हो, बाई."

"तुमच्याच बाजूला गेली गाडी. शाळेत आली पोरं तर सांगा त्यांना, टिक्या आता जीपमध्ये आहे. यमुनाला सांगा म्हणावं. सांगाल ना?"

सांगेन म्हटलं. पुन्हा एकदा म्हटलं, बसा गाडीवर, सोडतो. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, घसरलेली टिकली चाचपून नीट बसवली.

"तुम्ही व्हा पुढे. अजून गाड्या यायच्यात."

मी गाडी सुरू केली. वळणावर आरशात पाहिलं. बाई परत कठड्यावर जाऊन बसल्या होत्या, पुस्तक मांडीवर, तोंड रस्त्याकडे. मला टिक्याचं अगदी पहिलं पान आठवलं आणि पुढचं काही दिसेना, म्हणून मी गाडी बाजूला घेतली.